विहिरीची लाली

गुलाबबाईने विहिरीतून घागर वर ओढली. घागरीतले पाणी जांभळट लाल होते. ती थेट शेजारच्या खळ्याकडे तोंड करून ओरडली.

"दिवले! मिरच्यासना पोता आठे धोयात ना तू?"

खळ्यात मिरची वाळत घातलेली होती, साऱ्या ब्राह्मणपुरी गावात सगळ्यांत लाल. दिवलीबाई पदराने घाम पुसत आली.

"माय वं! मन्ही मिरची नंदुरबारना बजारले जास, इहीरमा नही."

"मंग हाई लाल कोनी करं?"

"तुन्हा सासराले इचार. तोच रोज पान खाईसन आठे गुळण्या करस."

बाया हसल्या. गुलाबबाई पाटलाची बायको, ती हसली नाही. "आजपासून तू आठे पानी भराले येवू नको."

आता कोणीच हसेना. गावाला दुसरे पाणी म्हणजे गोमाई नदी, आणि नदीच्या वरच्या अंगाला पटकीने माणसे मरत होती. दिवलीबाईच्या घरात लहान नातवंडे होती.

तिने त्याच घागरीत तांब्या बुडवला.

"मिरची व्हई ते मन्हा डोयामा पानी येई. देखा बठ्ठ्या."

ती घटाघटा प्यायली. बाया वाकवाकून तिचे डोळे बघत होत्या. डोळे कोरडेच.

"तिखट नही," ती ओठ चाटत म्हणाली. "तुरट शे. लोखंड चाटं असं लागस."

तेवढ्यात तालुक्याचा दवावाला जब्बार मळ्यातल्या विहिरींत दवा टाकून सायकलवरून आला आणि लांबूनच ओरडला, "पिवू नका वं! पटकीनी दवा शे ती, मीच टाकेल शे! पाटीलले सांगाले गऊ, ते पाटील गावमा नही. लाली उतरू द्या, मंग भरा."

"हाई ते पी बी गयी!" एका बाईने दिवलीबाईकडे बोट केले.

जब्बारने बैल पारखावा तसे दिवलीबाईचे तोंड उघडून पाहिले.

"काही व्हत नही. दात तेवढा काया पडतीन."

"पडू दे. दात शेतच कितला!"

लाली उतरायला संध्याकाळ झाली. बायांनी आधीच काठावर घागरींची रांग लावली होती, पहिली अर्थात पाटलीणबाईची. दिवलीबाईने आपली घागर तिच्याही पुढे ठेवली आणि तोंडभर हसली. दात तपकिरी झाले होते.

गुलाबबाईने दातांकडे पाहिले, बायांकडे पाहिले, आणि आपली घागर हातभर मागे घेतली.

"आजून जराशी सरकाव वं," दिवलीबाई म्हणाली. "मन्ही सून बी ई ऱ्हायनी."