किडनीचं प्रथिन

फरीदाबादच्या एका सरकारी संस्थेत रक्तातली प्रथिनं ओळखणारं मशीन आहे. ते प्रथिनांच्या तुकड्यांची वजनं घेतं आणि कॉम्प्युटर ती वजनं माणसाच्या प्रथिनांच्या यादीशी जुळवतो. खरं नाव यादीत नसलं, तर तो जवळपासचं दुसरं एखादं सांगून मोकळा होतो. 'माहीत नाही' म्हणायची पद्धत संस्थेत कुणालाच नाही. त्यालाच कुठून असणार?

संचालक डॉ. सूर्यकांत यांनी अशाच जुळणीतून एक प्रथिन शोधलं होतं. किडनी बिघडलेल्या जवानांच्या रक्तात ते सापडे, धडधाकटांच्या नाही. शुक्रवारी दिल्लीत, कोपर्निकस मार्गावरच्या एका हॉलमध्ये, या शोधाची घोषणा व्हायची होती. हॉल, हार आणि ढोकळा ठरला होता. लष्करी हॉस्पिटलनं घोषणेची वाट न बघता चाचणी वापरायला सुरुवातही केली, आणि हवालदार खंडेराव नापास झाला. तो बायकोला, द्वारकाला, किडनी देणार होता. त्याच्याच रक्तात ते प्रथिन निघालं, ऑपरेशन रद्द झालं. द्वारका डायलिसिसवर दिवसेंदिवस खचत चालली.

खंडेराव संस्थेत येऊन प्रमोदिनीला भेटला. कॉम्प्युटरची जुळणी ती बघायची. त्यानं आवाज चढवला नाही. मला कसलाच त्रास नाही मॅडम, एकदा परत बघता का, एवढंच विचारलं.

तिनं परत बघितलं. या खेपेला यादीत लॅबमध्ये उडणाऱ्या गोष्टीही घातल्या: कातडी, केस, लोकर. त्या प्रथिनाचे सगळे तुकडे मेंढीच्या लोकरीवर जाऊन चपखल बसले. मग तिनं तारखा पाहिल्या. आजारी जवानांचे नमुने गेल्या जानेवारीत तयार केले होते, धडधाकटांचे मे महिन्यात. जानेवारीत लॅबचा हीटर बंद असतो, कारण त्याच्या दुरुस्तीची फाइल चालू असते. सगळे पानिपतच्या लोकरी शाली गुंडाळून काम करतात. खंडेरावचं रक्तही थंडीतच आलं होतं.

डॉ. सूर्यकांतांनी शांतपणे ऐकून घेतलं. आपण माणसांवर संशोधन करतो, यादीत जनावरं घालायला तुला कोणी सांगितलं, असं विचारलं. मेंढी काढून टाकली की प्रश्न मिटतो, हेही सुचवलं. मग मवाळ झाले.

"शुक्रवारनंतर दुरुस्ती काढू ना. चार दिवसांनी काय बिघडतं?"

"ती बाई मरेल, सर."

"तू फार इमोशनल होतेस, प्रमोदिनी."

तिनं त्यांच्याच टेबलावरचा फोन ओढला आणि हॉस्पिटलच्या कर्नल डॉक्टरांना लावला. रिपोर्ट चुकीचा आहे, त्यात लोकर आहे, खंडेरावना नापास करू नका, असं हिंदीत, एका दमात सांगितलं. कर्नलनी विचारलं, डायरेक्टर साहेबांना हे ठाऊक आहे का? तिनं रिसीव्हर पुढे धरला.

डॉ. सूर्यकांतांनी तो घेतला. आवाजात मध आला.

"कर्नल साहब, गलती हमने ही पकड़ी है. मैंने कहा, सबसे पहले आपको बताएँ."

खंडेरावचं ऑपरेशन पुन्हा ठरलं. शुक्रवारचा कार्यक्रमही रद्द झाला नाही, हॉलचे पैसे भरले होते. विषय तेवढा बदलला: 'संशोधनातील प्रामाणिकपणा'. वक्ते तेच. त्यांनी प्रमोदिनीला स्लाईड करायला सांगितल्या. मेंढीचा किस्सा थोडा हलकाफुलका ठेव म्हणाले.

"स्लाईड तुम्हीच करा, सर," ती म्हणाली. "मला हॉस्पिटलात जायचंय. द्वारकाचे इतके दिवस मेंढीमुळे गेले नाहीत. कोणामुळे गेले, ते तिला सांगायला."