सिंहिणीचे दोन गाल

१९७४ साल. अलिबागकडचा बेने इस्रायली ज्यू गर्शोन झिराडकर ब्रिस्टलला विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात कारकून होता. आफ्रिकेतल्या एका अभयारण्यातून दर पंधरवड्याला सिंहांच्या फोटोंचं पाकीट यायचं. मिशांपाशी असलेल्या ठिपक्यांवरून गर्शोन एकेक जनावर ओळखायचा आणि त्याच्या कार्डावर नोंद करायचा. कळप खंगत चालला होता. चौदाचे पाच उरले होते. मार्चात एक नवी सिंहीण दिसली, तेव्हा प्रोफेसरसाहेबांनी खुशीत येऊन अहवालात सहाचा आकडा घातला.

आज पाकिटातून एका सिंहिणीचा अगदी समोरून काढलेला फोटो निघाला. गर्शोनने भिंग लावलं. डाव्या गालावरचे ठिपके सात नंबरच्या जुन्या सिंहिणीचे होते, उजव्या गालावरचे त्या नवीचे. जुन्या कार्डावर फक्त डावा गाल होता, नव्यावर फक्त उजवा. त्याने एकीच्याच दोघी केल्या होत्या.

दोन्ही कार्डं घेऊन तो तडक साहेबांकडे गेला.

"चूक माझी आहे, सर. सिंह पाचच आहेत."

"अहवाल गेलाय," साहेब म्हणाले. "एकाने काय बिघडतं? राहू द्या सहा."

गर्शोनचं डोकं सणकलं.

"सर, आमच्या सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. कोकणातून आलेले आम्ही इथे नऊच आहोत. सहा महिने दर शनिवारी जमतो, दहाव्याची वाट बघतो आणि उठून घरी जातो. एकालाच दोनदा मोजावं, असं आमच्यात अजून कुणाला सुचलेलं नाही."