गोड्या पाण्यातलं शून्य

जो माणूस विहिरीत हातपाय मारून दमतो, तोच खाडीत जरा सहज तरंगतो. असं का, ठाऊक आहे तुम्हाला?

पाण्यात मीठ जितकं जास्त, तितकं ते जड, आणि तितकं ते तरंगणाऱ्याला वर उचलून धरतं. माझं सारं आयुष्य या एका गोष्टीवर चाललं आहे. मी मिठागरावरचा काटा बोलतोय. शाळेच्या पुस्तकात मला तरकाटा म्हणतात. अंग काचेचं, पोटात शिशाचे छर्रे, आणि वरच्या बारीक नळीत आकड्यांची कागदी पट्टी. पाण्यात सोडलं की मी उभा राहतो. पाण्याच्या रेषेवर जो आकडा दिसेल तो खरा, असं सगळे समजतात. मीही समजत होतो.

पेणच्या खाडीकाठी मला धर्मानं आणलं. पुढे त्याचे गुडघे गेले आणि आगर त्याची बायको कमळ बघू लागली. तिचा माझ्यावर फार विश्वास. पंचविसाला मीठ धरू लागतं. आकडा एकोणतिसावर गेला की उरलेलं पाणी सोडून द्यायचं, नाहीतर त्याचा कडूपणा मिठात उतरतो. हे सारं ती मला विचारून करी.

फक्त मला ती कधी धूत नसे. आगरावर गोडं पाणी डोक्यावरून न्यावं लागतं. "प्यायचा पानी काचेला कशाला?" असं म्हणून ती मला वाफ्याच्याच पाण्यात बुचकळायची आणि पदरानं पुसून ठेवायची.

गेल्या वर्षी तिचा मुलगा हितेश याचं लग्न झालं. तो कंटेनर चालवतो, महिन्यातून चार दिवस घरी. सून प्राप्ती डोंगराकडच्या तळा गावची, बारावी सायन्स झालेली. घरात बसायचं नाही, आगर शिकायचं, असं तिनं आल्या आल्या सांगितलं. बांधावरच्या बाया तिला चिडवायच्या, की डोंगराकडच्या पोरीनं मीठ वाण्याच्या दुकानातच पाहिलं असेल. "दुकानात तरी नीट पाहिलंय, मावशी," ती म्हणायची आणि फावडं उचलायची.

एप्रिलमध्ये कमळनं तिला एक मोठा वाफा नेमून दिला. म्हणाली, "यो वाफा तुजा. चांगला पिकला तं पुढल्या सालापासून आगर तुज्या हाती."

त्या दिवसापासून प्राप्ती सकाळ-संध्याकाळ मला पाण्यात सोडायची, वाकून वाचायची आणि वहीत लिहायची. सासूनं दाखवलं तसंच पुसून ठेवायची. ऊन कडक, पाणी दाट. रोज थोडं मीठ माझ्या अंगावर वाळून राहायचं. सगळं मिळून जेमतेम अर्धा चमचा असेल. पण तेवढ्या ओझ्यानं मी खाली ओढला जात होतो. पाणी तिसावर पोचलं होतं आणि मी सत्तावीस दाखवत होतो. मला ते कळत होतं. ओरडायला तोंड नव्हतं, हे खरं. पण माझ्या आकड्यावर विसंबून ती पोर पाणी न सोडता थांबली, हेही खरंच.

मीठ काढलं. सुक्या मासळीसाठी मीठ नेणारा श्रीवर्धनचा अझहर टेम्पो घेऊन आला. ढिगातला एक खडा त्यानं जिभेवर ठेवला, मूठभर मीठ दाबून ओल पाहिली. या मिठानं बोंबील कडू होतील, असं त्यानं हळूच सांगितलं आणि टेम्पो रिकामा परत नेला.

घरी आल्यावर कमळचा तोल गेला. "तू वाफ्यावर गेलीसच नाय. घरी बसून आकडं लिवलंस."

"रोज दोनदा गेले, आई," प्राप्ती म्हणाली. "आकडा खोटा असेल तर काटा चुकतोय. गोड्या पाण्यात यानं शून्य दाखवायला हवं. तुम्हीच बघा, मी हात लावत नाही."

कमळनं उंच पेल्यात माठातलं पाणी भरून मला आत सोडलं. शून्याची रेषाही बुडेल इतका मी खाली गेलो. तेव्हाच कुणी पाहिलं असतं तर! पण कमळला आकडे दिसेनात. चष्मा शोधायला ती आत गेली. प्राप्ती मुद्दाम दाराशी उभी राहिली, आपण काही केलं असं कुणी म्हणू नये म्हणून. तेवढ्या वेळात माझ्या अंगावरचं मीठ विरघळलं. मी हलका झालो, वर आलो. चष्मा लावून कमळ वाकली, तेव्हा मी जवळजवळ शून्यावर उभा होतो.

"बघ," ती म्हणाली. "काटा खरा हाय. उद्यापासून आगरावर पाय ठेवायचा नाय."

प्राप्तीनं येऊन वाकून पाहिलं. मग ती आपल्या खोलीत गेली. माझ्या खरेपणानं ती खोटी ठरली होती.

संध्याकाळी भाकऱ्या झाल्यावर कमळनं मला पेल्यातून काढलं. गोडं पाणी फेकायची तिला सवय नाही. तिनं पेला तोंडाला लावला आणि पहिल्याच घोटाला थांबली. पाणी खारट होतं. तिनं माझ्या स्वच्छ काचेवरून अंगठा फिरवला आणि खाली बसली. पदरानं पुसायला आपणच शिकवलं होतं, हे तिनं धर्माला सांगितलं.

"मंग आताच सांग पोरीला," धर्मा म्हणाला.

"निजली आसंल. सकाली सांगते."

प्राप्तीच्या खोलीत दिवा चालू होता. मला तो दिसत होता, कमळलाही दिसत असणार.

मी अजून याच घरात आहे, काचेला तडा नाही, आकडेही शाबूत आहेत. हात असते तर जोडून एवढंच मागितलं असतं, की माझा आकडा वाचताना माझ्या अंगावर काय चिकटलं आहे तेही पाहत जा. आणि कुणाची माफी मागायची असेल तर सकाळची वाट पाहू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एसटीनं प्राप्ती माहेरी तळ्याला गेली, आणि तिच्या मागच्या एसटीनं कमळ.