आखातीच्या आधीचा आंबा

सहादूने उजवा हात पुढे केला, तेव्हा फिजिओथेरपिस्ट स्वानंदीने त्याच्या दंडावर मोजणीयंत्राचा पट्टा आवळला आणि डोळ्यांवर आभासी दृश्ये दाखवणारा जड चष्मा चढवला. उपचार केंद्रातील भिंत नाहीशी होऊन त्याच्यासमोर आंब्याचे डेरेदार झाड उभे राहिले.

"फांदीवरचा आंबा तोडायचा, काका. हात किती वर जातो ते कॉम्प्युटर मोजेल."

सातपूरच्या कारखान्यातील प्रेसचा दांडा डोक्याहून उंच होता. हात खांद्यातून एकशेवीस अंशांपर्यंत वर गेला तरच सहादूस पुन्हा कामावर घेण्यात येईल, असे व्यवस्थापकांनी लेखी कळविले होते, आणि अहवाल आजच द्यावयाचा होता.

हात संथपणे वर गेला. आंब्याच्या हातभर खाली तो थबकला.

"अजून वर."

"एवढाच."

तीन वेळा तसेच घडले. पडद्यावर अठ्ठ्याऐंशीचा आकडा स्थिर राहिला.

"परवा मी धरून उचलला, तर कानाला लागला होता. दुखतंय का?"

"नाय."

"मग नाटक कशाला? इथे लोक दात-ओठ खाऊन जास्त दाखवतात."

सहादू चष्म्याआडूनच बोलू लागला.

"आमच्या पेठ तालुक्याकडं आखातीला, तुमच्या अक्षय तृतीयेला, पितरांना दाखवल्याबिगर नवा आंबा तोडीत नाय. गेल्या साली फाल्गुनात आईच्या तोंडाला चव नव्हती, म्हून एक कैरी तोडली. फांदी मोडली, खाली पडलो, खांदा गेला. आई आखातीपतूर टिकली नाय."

"अहो, हे चित्र आहे."

"चित्र हाय, ठाऊक हाय. पन हात माझाच हाय ना, मॅडम."

स्वानंदीने कळफलकावरची बोटे आवरून घेतली.

"यात दुसरं फळच नाही. आणि हाताने मोजलेलं तुमचा कारखाना मानत नाही."

"मग आखाती झाल्यावर येतो."

"तारीख आजची आहे, काका."

त्याने चष्मा उतरवून तिच्यापुढे ठेवला. तिने पट्टा सोडला आणि अहवाल छापून त्याच्या हाती दिला.

बाहेरच्या बाकावर बसून अर्धेमुर्धे ऐकलेली त्याची बायको, भागीबाई, उठून उभी राहिली.

"आंब्याला हात लावला नाय ना?"

"नाय."

तिच्या मुद्रेवर क्षणमात्र समाधान पसरले.

"मंग काम?"

सहादूने कागदाची घडी करून खिशात घातली. दारावरच्या उंच खुंटीस अडकवलेली पिशवी त्याने उजव्याच हाताने, टाचाही न उचलता, अलगद काढली, आणि तो पेठच्या गाडीच्या दिशेने चालू लागला.