खांद्यावरची जखम

सुलक्षणा पुण्याहून वेशभूषेचा कोर्स करून धुळ्याला परतली ती नाक वर करूनच. फैजपूरच्या नाटक मंडळानं तिला स्पर्धेच्या नाटकाचे कपडे करायला बोलावलं आणि इंग्रजांशी लढणाऱ्या बंडखोर नायकाला मखमली कोट सुचवला, तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. रानात लपणारा माणूस मखमल घालतो? गाढवाला गुळाची चव काय! नाटकाच्या पत्रिकेवर पहिल्यांदाच तिचं नाव छापून येणार होतं. या अडाण्यांच्या हौसेपायी ते मातीत घालायला ती तयार नव्हती.

तिनं जाड्याभरड्या कापडाची बाराबंदी शिवली, विटेनं घासून झिजवली. नायकाला खांद्यात गोळी लागते, म्हणजे वाळलेलं रक्त हवं. केळीच्या बागेत फिरताना तिच्या ओढणीला चीक लागला होता; तो काळपट डाग धुऊनही गेला नव्हता. बस्स! बाईंनी केळीचा खांब कापला आणि बाराबंदी खांद्यापासून कमरेपर्यंत चिकानं माखली. युक्ती कुणी चोरू नये म्हणून प्रयोगापर्यंत ती कुणाला दाखवलीही नाही.

पहिला प्रयोग फैजपुरातच होता. नायक झालेला प्रेमराज, केळीवाल्याचाच पोरगा, बाराबंदी घालताना चाचरला.

"ताई, हा डाग तर..."

"तुला काय कळतं त्यातलं? घाल मुकाट्यानं."

शेवटच्या प्रवेशात गोळी खाल्लेला नायक झोकांड्या खात आला आणि कोसळला. सगळे चिडीचूप. मग मागून आवाज आला, "काय रे भो, गाडी भरली का?"

सगळं सभागृह खदखदून हसलं. केळीचे घड खांद्यावरून वाहून गाडीत भरणाऱ्या प्रत्येक मजुराच्या सदऱ्यावर तोच डाग असतो, त्याच जागी! मरून पडलेला प्रेमराजसुद्धा हसला. सुलक्षणा विंगेत रडत होती.

जळगावची स्पर्धा दुसऱ्याच दिवशी. डाग निघेना, नवं शिवायला वेळ नाही. शेवटी दिग्दर्शक रुपचंदनं नायकाच्या तोंडी एक वाक्य घुसडलं, "गोऱ्यांना चुकवायला मी केळीच्या बागेत मजुरी केली."

परीक्षक खूश! वेशभूषेचं पहिलं बक्षीस सुलक्षणाला.

"हा डाग मुद्दाम अभ्यास करून पाडलात ना?" त्यांनी माइकवर विचारलं.

प्रेमराज समोरच बसला होता.

"हो," सुलक्षणा म्हणाली. "मजुरांमध्ये राहून बारकाईनं पाहिलं सगळं."

सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या प्रेमराजनं, अगदी मनापासून. तिला त्याच्याकडे बघवेना. आजवर तिनं पुष्कळांना तुच्छ मानलं होतं. आज तिला स्वतःचीच किळस आली.