फोटोतली तिसरी

औषधांचं दुकान मुलीच्या हाती सोपवल्यापासून त्यांना एकच नाद लागला होता: वाचायचं आणि लोकांना वाचायला लावायचं. दर रविवारी सकाळी ते फोनवरून दोनशे बारा जणांना चार लेख पाठवत. एक संस्कृतीवर, एक संगीतावर, एक इतिहासावर, एक राजकारणावर. मित्रमंडळी त्यांना 'कात्रणवाले' म्हणत. बायको मात्र त्यातलं अक्षरही वाचत नसे. "मला चष्मा लागतो, तुम्हाला श्रोते लागतात," एवढं बोलून ती आपल्या कामाला लागायची.

त्या रविवारी संगीत, इतिहास, राजकारण असं सगळं एकाच लेखात सापडल्याने स्वारी खुशीत होती. सदतीस वर्षांपूर्वी, लष्करी राजवटीत, दुसऱ्या एका शहरातल्या रेडिओवर घडलेली गोष्ट. वृंदगानातल्या अकरा मुलींनी राज्यप्रमुखाचं गौरवगीत थेट प्रक्षेपणात गायलंच नाही. वाद्यं वाजत राहिली आणि मुली तोंड मिटून उभ्या. चार मिनिटं. मग प्रक्षेपण तोडलं आणि मुलींना उचलून नेलं. सोबत काचेपलीकडून कुणीतरी काढलेला फोटो होता.

'जरूर वाचा, अंगावर काटा येतो,' असं लिहून त्यांनी लेख पाठवला आणि दाढीला बसले. एक गाल झाला असेल नसेल, तोच शाळेपासूनच्या शिंपी मित्राचा फोन.

"अरे, वहिनींचा फोटो आहे हे आधी सांगायचं ना!"

"कुठल्या वहिनींचा?"

"तुझ्या बायकोचा, गाढवा! डावीकडून तिसरी. मोठा करून बघ. इतकी वर्षं त्यांची मापं घेतोय, उजवा खांदा बोटभर खाली आहे त्यांचा."

त्यांनी फोटो मोठा केला. खांदा खाली होता. हनुवटीवर तीळही होता. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती. एवढ्या काळात ही बाई साधं गुणगुणल्याचंही त्यांना आठवेना. खाली यादीत लिहिलं होतं, 'तिसरी: अटकेत असताना मृत्यू.'

 गालावर फेस तसाच घेऊन ते स्वयंपाकघरात गेले. बायको लसूण सोलत होती.

"ही... ही तू आहेस?"

तिने चष्मा लावला. हातातली सुरी हळूच खाली ठेवली. "कुठे मिळालं हे?"

"मीच पाठवलंय सगळ्यांना. अगं, यात तू मेली आहेस!"

पण तिचं तिकडे लक्षच नव्हतं. लेखाच्या शेवटी, माहिती देणाऱ्या एका म्हातारीचा आताचा फोटो होता. त्यावर तिने बोट ठेवलं.

"ही भोंगा आहे. आमच्यातली सगळ्यात मोठ्या आवाजाची. अहो, ही जिवंत आहे?"

पाण्याचे दोन घोट घेऊन ती म्हणाली, "कोठडीतला साहेब म्हणाला होता, भोंगा गेली, आता कोणासाठी अडून बसलीस? माफीनाम्यावर सही कर. मी केली. दुसऱ्या दिवशी सुटले, ती थेट इथे मामाकडे आले."

"आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"मैत्रीण मेली म्हणून सही करून सुटलेली मी. काय तोंडाने सांगू? आणि तुम्ही तरी कधी विचारलंत? मामा म्हणाला, पोरगी टायपिंग करत होती. तुम्ही तेच धरून चाललात."

गालावरचा फेस वाळून कातडी ताणली होती. 

लेख लिहिणाऱ्याला गाठून त्यांनी दुपारपर्यंत नंबर मिळवला आणि फोन बायकोच्या हातात दिला.

"भोंगे, मी बारकी बोलतेय."

"बारकी केव्हाच गेली. मेलेल्या माणसाची थट्टा करायला लाज नाही वाटत?" फोन आपटला गेला.

त्यांनी पुन्हा लावून दिला. या वेळी बायको घाईघाईने म्हणाली, "त्या दिवशी माझ्या पायावर पाय दाबून उभी होतीस. घाबरून मी गायला लागू नये म्हणून."

 मग "बारके!" अशी हाक आली, आणि तिला भोंगा का म्हणत ते घरभर कळलं.

पंधरा दिवसांनी भोंगा काठी टेकत घरी आली. तिलाही त्या साहेबाने तसंच सांगितलं होतं: बारकी गेली, कर सही. तिनेही केली होती. दोघी पलंगावर बसून अटकेतल्या दिवसांचा हिशेब जुळवत होत्या.

"तुला कुठे ठेवलं होतं गं?" भोंगाने विचारलं.

"जिन्याखालच्या खोलीत. पलीकडे कुणीतरी सारखं खोकायचं. वाटायचं, हीसुद्धा जाणार आता."

भोंगाचा हात तिच्या हातावरच थांबला. "माझ्या खिडकीला काच नव्हती. छाती भरली होती."

"म्हणजे..."

"मीच गं ती."

चहाचा ट्रे घेऊन ते दारातच थबकले. आत जावं की मागे फिरावं, त्यांना कळेना.