महाराजांना थोर म्हणायचं की नाही

राजा गेला की त्याच्या नावापुढे ‘थोर’ लावायचं की नाही, हे आमच्याकडे दरबार ठरवत नाही. त्याने ज्यांच्याविरुद्ध निकाल दिला, अशा घरांतून एकाची चिठ्ठी निघते आणि त्याला भरसभेत विचारतात. ‘होय’ म्हटलं की त्या घरचा कैदी त्याच दिवशी सुटतो. आता सांगा, ‘नाही’ कोण म्हणेल? म्हणून तर आमचे झाडून सगळे राजे थोर. एक तर म्हणे जन्मभर झोपाच काढत होता, तोही थोर!

या वेळी चिठ्ठी माझी निघाली. मी पावाची भट्टी चालवते. माझा धाकटा भाऊ गवंडी. त्याने बांधलेला पूल पडला, माणसं गेली आणि महाराजांनी त्याला जन्मठेप ठोठावली. सिमेंट पुरवलं होतं महाराजांच्या मेहुण्याने. त्यात निम्मी राख आहे, असं भाऊ आधीपासून कानीकपाळी ओरडत होता. पण मेहुण्याच्या केसालाही धक्का लागला नाही.

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. भावजय मला खेटून बसली होती.

“वन्सं, एकच शब्द बोलायचाय,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. “पोरीने अजून बाप बघितला नाहीये.”

“अगं, कळतंय मला. किती वेळा सांगशील?”

मी ‘होय’च म्हणणार होते. मेलेल्या माणसाला थोर म्हटल्याने माझे पाव काही करपणार नव्हते. समोर महाराजांची मुलगी, म्हणजे आमची नवी राणी, बसली होती. शेजारच्या खुर्चीत तोच मेहुणा, तिचा सख्खा मामा, पोटावर हात ठेवून निवांत होता. भावाला बेड्या घालून आणलं. इतका वाळला होता की भावजयीच्या तोंडून हुंदका फुटला.

कारकून उठला. “भट्टीवाल्या बाई, सांगा. महाराज थोर होते का?”

मी तोंड उघडणार, तोच भाऊ बोलला. “ताई, त्यांना थोर म्हणालीस, तर पूल मीच पाडला.”

शिपायाने त्याला ढोसलं, पण तो बोलून मोकळा झाला होता. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्या, तुरुंगाच्या दारात ताटकळून आमचे पाय मोडले आणि तुला आत्ता हे सुचतंय?

“गप्प बस!” मी भरसभेत ओरडले. “तुझं नाक वर राहावं म्हणून आम्ही किती सोसायचं?”

तो लहानपणी न केलेल्या खोडीचा मार खाताना बघायचा, तसा नुसता बघत राहिला. राजा थोर, तर त्याचा निकालही खरा. मग हा सुटला तरी मरेपर्यंत खुनीच. आणि तो शिक्का मारणारी कोण, तर मी!

“नाही,” मी म्हणाले.

कारकुनाला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. भावजयीने तोंडात पदर कोंबला.

“का?” राणीने विचारलं. आवाज चिडलेला नव्हता. तिला खरंच ऐकायचं होतं.

आता माझी जीभ सुटली होती. “दुष्काळात त्यांनी कोठारं उघडली, तो गहू आम्हीही खाल्ला. खोटं कशाला बोलू? दवाखाने बांधले, लढाया टाळल्या. माणूस चांगला होता. पण परक्याला शिक्षा कोणीही देतं, बाईसाहेब. घरच्याला द्यायची वेळ आली तेव्हा ते मान खाली घालून बसले. थोर कसं म्हणू?”

राणीने मामाकडे बघितलं. अख्खं सभागृह तिच्याकडे बघत होतं. माझा जीव कानात गोळा झाला. आता ही बोलेल, आता बोलेल. मामाने हळूच तिच्या खुर्चीच्या हातावर हात ठेवला.

राणीने मान खाली घातली.

भावाला परत नेलं. जाताना तो ताठ चालत होता. भावजय उठली, माझ्याकडे न बघता म्हणाली, “घरी पोरीला तुम्हीच सांगा,” आणि गर्दीतून एकटीच बाहेर पडली.